मेंदूचा अभ्यास आणि गणिताची रजा

गेल्या जूनमध्यें आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन मजकडे आले. मुलगी बुद्धिमान आहे. पदवीकरितां न्यूरोबायॉलॉजी, म्हणजे मज्जासंस्थेचें जीवशास्त्र, हाच मुख्य विषय घ्यावयाचा असा तिचा निश्चय; आणि परदेशांतील कित्येक कॉलेजांतून तो आतां पहिल्या पदवीसच घेतां येतो, हें तिनें शोधून ठेविलें होतें. गृहस्थ मोठ्या समाधानानें म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, एक मात्र बरें झालें. अकरावीला जीवशास्त्र घेतलें, तेव्हां गणिताची कटकट कायमची गेली!" त्यांच्या या समाधानाविरुद्धच मला आज लिहावयाचें आहे.

दोष एकट्या त्यांचा नाहीं. आपल्याकडे अकरावीच्या उंबरठ्यावरच मुलांच्या दोन रांगा होतात. गणितवाल्यांनीं इंजिनियर व्हावें आणि जीवशास्त्रवाल्यांनीं डॉक्टर. वैद्यकाच्या 'नीट' परीक्षेंत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र एवढेच विषय असतात. मग गणितावर वेळ कोण दवडील? दोन्ही विषय एकत्र घेण्याची मुभा नियमांत आहे, नाहीं असें नाहीं; पण ती वापरणारा मुलगा घरच्यांस वेडगळ वाटतो. ज्यास डॉक्टरच व्हावयाचें त्याचें यावांचून फारसें अडत नसेल. परंतु मज्जासंस्थेचें कार्य कसें चालतें हें ज्यास शोधावयाचें आहे, त्याचे हात आपण सतराव्या वर्षींच बांधून टाकतों.

ही अतिशयोक्ति वाटत असेल त्यानें या शास्त्राच्या पायाकडेच पाहावें. ज्ञानतंतूंतून संदेश जातो म्हणजे नेमकें काय होतें? अॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले या दोघां इंग्रजांनीं १९३९ सालीं प्लिमथ येथें स्क्विडचा, आपल्या कोंकणांत ज्यास माकूल म्हणतात त्या प्राण्याचा, सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा ज्ञानतंतु घेतला, आणि त्याच्या पोटांत बारीक विद्युदग्र सरकवून संदेश जातांना होणारा विद्युद्दाबाचा बदल आंतून मोजला. इतक्यांत महायुद्ध सुरू झालें व काम थांबलें. युद्धानंतर तें पुन्हां हातीं घेऊन १९५२ सालीं त्यांनीं सिद्ध केलें कीं, तंतूच्या पापुद्र्यांतून प्रथम सोडियमचे विद्युद्भारित कण आंत धांवतात व मागाहून पोटॅशियमचे बाहेर पडतात. त्या येरझारेसच आपण संदेश म्हणतों. पण एवढें सांगून ते थांबले नाहींत. या येरझारेचीं त्यांनीं समीकरणें मांडलीं, आणि हक्सलेनें हातानें फिरवावयाच्या गणनयंत्रावर दिवसचे दिवस दांडा फिरवून तीं सोडविलीं. उत्तर आलें, संदेशाचा वेग सेकंदास १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूवर मोजलेला वेग होता २१.२ मीटर. केवळ कागदावरील आंकड्यांनीं जिवंत प्राण्याच्या इतक्या जवळ जावें, याचें मला, पदार्थविज्ञान शिकविण्यांत केंस पिकलेल्या माणसालाहि, अजून नवल वाटतें. हे कण ज्या सूक्ष्म द्वारांतून ये-जा करतात, त्यांतील एकेकाचा प्रवाह मोजण्याची रीत नेहर व साकमन यांनीं दाखविली १९७६ मध्यें. समीकरणांनीं त्या द्वारांची चाहूल चोवीस वर्षें आधींच दिली होती.

आणि हक्सले या मार्गास लागला कसा? केंब्रिजला तो गणित, पदार्थविज्ञान व रसायन शिकावयास गेला होता. आणखी एक शास्त्र घेतलेंच पाहिजे असा तेथें नियम होता, म्हणून त्यानें शरीरक्रियाशास्त्र घेतलें. तेथें नियमानें एक दार उघडलें; आमच्याकडे रीतच तें लावून घेते.

यावर कोणी म्हणेल, रामोन इ काहाल कोठें गणिती होता? खरें आहे. गॉल्जीनें १८७३ सालीं शोधलेल्या रंजनपद्धतीचा उपयोग करून काहालनें केवळ सूक्ष्मदर्शक, चिकाटी आणि चित्रकाराचा हात यांच्या बळावर पेशींचें रूप दाखविलें, आणि १९०६ चें नोबेल पारितोषिक त्या दोघांत वांटलें गेलें. परंतु डोळ्यांनीं दिसण्याजोगें जें होतें त्याचा तो काळ होता. एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ मज्जापेशींचा जोडणीसह नकाशा १९८६ सालीं प्रसिद्ध झाला; आज इतकीं वर्षें तो हातीं असूनहि तो कृमि पुढच्या क्षणीं कोठें वळेल हें केवळ नकाशावरून सांगतां येत नाहीं. २०२४ सालीं फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा निघाला. त्यांत सुमारें १,४०,००० पेशी आणि पांच कोटींहून अधिक जोडण्या आहेत. हा पसारा नुसत्या डोळ्यांनीं कोण वाचणार? येथें पाठांतर लंगडें पडतें.

माझे कांहीं व्यवसायबंधु दुसऱ्या टोंकास जातात. त्यांचें म्हणणें, पदवीपर्यंत शुद्ध पदार्थविज्ञान व गणितच शिकवावें. मेंदूचें मागाहून पाहूं. हेंहि मला पटत नाहीं. ज्या प्रश्नानें मूल रात्रीं जागें राहातें तो पांच वर्षें कुलुपांत ठेवावयाचा आणि मग उत्साह कोठें गेला म्हणून विचारावयाचें! विद्युत्प्रवाहाचा नियम तारेवर शिकविण्याऐवजीं ज्ञानतंतूवर शिकविला तर नियमाचें कांहीं बिघडत नाहीं. पहिल्या पदवीस हा विषय असावा, अवश्य असावा. पण गणित गाळून, रंगीत चित्रें दाखवून जो शिकविला जाईल तो न्यूरोबायॉलॉजी नव्हे.

हें बोलावयास मला तरी तोंड कोठें आहे? मी जेथें शिकवितों तेथें जीवशास्त्राचा व गणिताचा तास वर्षानुवर्षें एकाच वेळीं ठेविलेला आहे. दोन्ही विषय घेऊं म्हणणाऱ्यानें एकाच वेळीं दोन खोल्यांत बसावें! तास बदलावा म्हणून मीं तीनदां अर्ज केला. तिन्ही वेळां उत्तर आलें कीं, अशी मागणी करणारे विद्यार्थीच नाहींत.

ती मुलगी मात्र मंगळवारीं व शुक्रवारीं संध्याकाळीं माझ्याकडे गणित करावयास येते. गेल्या आठवड्यांत तिनें पहिलें अवकल समीकरण स्वतः सोडविलें. तिच्या वडिलांनीं परवां मला वाटेंत गांठून, हें सारें परीक्षेस येणार आहे काय, असें विचारलें.