शिक्का म्हणजे शिक्षा नव्हे



रास्ता रोको होतो, पोलिसांची गाडी येते, पोराला उचलून नेतात. दोन-चार दिवसांनी शेजारचा कॉलेजातला मुलगा मोबाईलवर नाव शोधून सांगतो, "काकू, न्यायालयीन कोठडी दाखवतंय." माउली हंबरडा फोडते. कोर्टाने कोठडी दिली म्हणजे शिक्षाच लागली, असं तिला वाटतं. त्याच घटकेला 'साहेबांच्या ओळखीचा' कोणी दारात उभा राहतो आणि पेरणीसाठी ठेवलेला पैसा त्याच्या खिशात जातो.

लुटलं दलालाने हे खरं. पण त्याला वाट करून दिली ती सरकारी शब्दांनी. एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडरने चिठ्ठीवर ग्रेड एक पायरी उतरवली की गाडीभर कापसाचा भाव पडायचा. ती चिठ्ठी वाचायला शिकलो, तेव्हाच आपण भांडायला शिकलो. कोठडीचे शिक्केही तसेच वाचायला शिकलं पाहिजे.

'पोलीस कोठडी', म्हणजे पी.सी.आर. माणूस तपासासाठी पोलिसांकडे आहे. अटकेपासून, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच पाहिजे. ही कोठडी सारी मिळून 15 दिवसांवर देता येत नाही. मात्र 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हे दिवस तुकड्यातुकड्यानेही मागता येतात. ठाण्यातल्या माणसाचं नाव तुरुंगाच्या यादीत सापडलं नाही, म्हणून तो सुटला असं समजू नका. अटकेतल्या माणसांची माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लावणं नव्या संहितेच्या कलम 37 प्रमाणे बंधनकारक आहे. जाऊन मागा.

'न्यायालयीन कोठडी', म्हणजे एम.सी.आर. माणूस तुरुंगात आहे, पण गुन्हा शाबीत झालेला नाही. संगणक त्याला 'अंडरट्रायल' म्हणतो, आपण कच्चा कैदी म्हणतो. 'कन्व्हिक्ट' तो पक्का, शिक्षा लागलेला. 31 डिसेंबर 2022 रोजी देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती; त्यांत 4,34,302 कच्चे कैदी. चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीतच नव्हता! पहिल्या रिमांडपासून दिवस मोजा. गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क आहे. पण अर्ज केल्याशिवाय तो पदरात पडत नाही.

'डिटेन्यू', म्हणजे स्थानबद्ध. याला खटल्याशिवाय प्रतिबंधक कायद्याखाली ठेवलेलं असतं. वरची मोजणी इथं चालत नाही. त्याच दिवशी वकील गाठा.

'डिस्पोज्ड' हा सगळ्यात फसवा शब्द. जामीन अर्जाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. त्यापुढे 'डिस्पोज्ड' दिसलं तर फक्त अर्जाचा निकाल लागला. खटला संपला नाही. जामीन मिळाला की नाही, हे आदेश उघडून वाचल्यावरच कळतं.

आणि 'बेल ग्रँटेड' म्हणजे माणूस घरी आला असं नाही. जामीनदार नाही म्हणून कित्येक जण आतच राहतात. सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितलं आहे: जामिनाची तारीख तुरुंगाच्या संगणकात नोंदवा, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. तसं कळवलं का, हे विचारायला जाणारं आपलं माणूस हवं.

माहिती खुली केली म्हणून सरकार पाठ थोपटून घेतं. ज्याचा लेक आत आहे त्यालाच ती समजत नसेल, तर ती खुली कशी? सातबारा मराठीत मिळतो, मग कोठडीचा शिक्का का नाही?

जिल्हा बैठकीत दोन ठराव करू. एक, प्रत्येक शिक्क्यापुढे साध्या मराठीत अर्थ आणि कुटुंबाचा हक्क छापला जावा. दोन, प्रत्येक तालुक्यात हे वाचू शकणारी दोन पोरं आणि एक वकील ठरवून ठेवावा. वकिलाची ऐपत नसेल तर विधी सेवेचा 15100 हा फुकट क्रमांक आहे.

आणि दलाल दारात आला, तर आधी एकच विचारा: "पोराचा शिक्का कोणता, आणि त्याचा अर्थ काय?" उत्तर देता आलं नाही तर त्याला बांधाबाहेर काढा.