जिन्याखालची वाट

कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. वडील गवंडी. या शहरातले कितीतरी जिने त्यांच्या हातचे. पण इमारत उभी राहिल्यावर ते जिने चढण्याचे काम त्यांना सहसा पडले नाही.

गेल्या वर्षी एका अंध मित्राबरोबर एका कचेरीत गेलो होतो. मधल्या दालनात खालून आरपार मोकळा असा झोकदार जिना होता. मित्राची पांढरी काठी फरशीवर फिरत होती. तिला काहीच लागले नाही. जिन्याची तिरपी कड मात्र थेट त्याच्या कपाळाला लागली. माझे लक्ष हातातल्या अर्जाकडे होते. कोणीतरी म्हणाले, "नीट चालायचं ना!"

मित्रहो, तो नीटच चालत होता. काठी जमिनीवरचे सांगते, अधांतरीचे नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता (२०१६) जिन्याखालच्या वाटेला किमान २.२ मीटर, म्हणजे सुमारे सव्वासात फूट उंची मागते. जिना त्याहून खाली येतो तिथे कठडा किंवा बसका कट्टा घातला की काठीला वेळीच इशारा मिळतो. पायऱ्यांमधल्या फटी बंद केल्या की पायाचा चवडा वा कुबडी अडकत नाही.

मोकळ्या जिन्याने शोभा येते, असे कोणी म्हणेल. शोभेला माझी ना नाही. पण तिची किंमत कोणाच्या कपाळाने मोजायची? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याचे नियम २०१७ मध्ये निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना मिळालेली पाच वर्षांची मुदतही सरली. हे निकष निव्वळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले.

सहलीत आपण सर्वांनी देवगिरीच्या किल्ल्यातली 'अंधारी' पाहिली आहे. तिथला काळोख, वळणे आणि पायऱ्या शत्रूने गोंधळावे, ठेचकाळावे यासाठीच आहेत. किल्ल्यात ते शहाणपण होते. पण कचेरीत अर्ज घेऊन येणारा माणूस कोणाचा शत्रू?

घरी हे सांगितले तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "डोक्यावर घमेलं घेतलेली बाई खालून ताठ मानेनं गेली, तर जिना बरोबर."

शाळेत न गेलेल्या माणसाचे हे माप आहे. एक टेप घेऊन आपण आधी आपल्याच कॉलेजचे जिने मोजू या.