पाणबुड्याने दिवा कसा निवडावा?

मराठीत आपण एक गमतीचा घोटाळा करून ठेवला आहे. हातात धरायच्या विजेरीला आपण ‘बॅटरी’ म्हणतो आणि तिच्या पोटातल्या विद्युत घटांनाही बॅटरीच म्हणतो. रात्री अंगणापर्यंत जायचे असेल तर हा घोटाळा खपून जातो. पण पाठीवर हवेची टाकी बांधून वीस-तीस मीटर खोल उतरणाऱ्या पाणबुड्याला दिवा, घट आणि प्रकाशाचा झोत या तिन्ही गोष्टींचा वेगवेगळा विचार करावा लागतो. बाजारात मात्र एकच आकडा ठळक छापलेला असतो : इतके हजार ल्यूमेन! ल्यूमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचे माप. माझे मत असे, की तेवढ्या एका मापावर पाणबुड्याचा दिवा निवडणे म्हणजे शिट्टी ऐकून आगगाडी निवडण्यासारखे आहे.

आधी पाण्याचे पाहू. पेल्यातले पाणी रंगहीन दिसते, पण पाणी तांबडा प्रकाश हळूहळू गिळत असते. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश अगदी शुद्ध पाण्यातून एक मीटर गेला की सुमारे ७१ टक्के उरतो. दुसऱ्या मीटरला त्या उरलेल्याचे ७१ टक्के, म्हणजे निम्मा. असे करत करत दहा मीटरनंतर जेमतेम ३ टक्के शिल्लक राहतो. निळ्या प्रकाशाला मात्र मीटरमागे टक्का-दीड टक्काच तोटा सोसावा लागतो. म्हणून खोल पाण्यात भर दुपारीही तांबडा मासा काळपट दिसतो, आणि दिवा लावताच त्याचा रंग उजळून येतो. पण दिव्याच्या प्रकाशालाही माशापर्यंत जाऊन डोळ्यापर्यंत परत यायचे असते. मासा दोन मीटरवर असेल तर प्रवास चार मीटरांचा आणि तांबडा उरला चौथा हिस्सा. आता हिशेब करा. तोच तांबडा रंग आणखी एक मीटर दूरवर दिसायला हवा असेल, तर दिवा दुप्पट ताकदीचा लागेल. तोही झोत मुळीच पसरत नाही असे धरून! त्यापेक्षा एक मीटर पुढे सरकणे सोपे, नाही का?

हे झाले शुद्ध पाण्याचे. समुद्राच्या पाण्यात गाळाचे कण आणि सूक्ष्म जीव तरंगत असतात, आणि ते प्रकाशाचे विकिरण करतात. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यातून गाडीने गेला असाल, तर चालक मोठे दिवे बंद करून खालचे दिवे लावतो हे पाहिले असेल. मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब प्रकाश थेट आपल्याच डोळ्यांकडे परत फेकतात. गढूळ पाण्यात हेच होते. तिथे दिवा जितका प्रखर, तितकी भिंत पांढरी. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे दिवा डोळ्यांच्या रेषेपासून दूर, हात लांब करून धरणे. पाण्याखाली छायाचित्रे घेणारे आपले दिवे लांब दांड्यांवर दोन बाजूंना बसवतात ते याचसाठी. दुसरा उपाय म्हणजे झोत अरुंद ठेवणे, म्हणजे वाटेतले कमी कण उजळतात.

झोताच्या रुंदीने किती फरक पडतो, ते नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. १००० ल्यूमेनचा दिवा १० अंशांच्या शंकूत प्रकाश टाकतो आणि तेवढ्याच ल्यूमेनचा दुसरा १०० अंशांच्या शंकूत. शंकूचा घनकोन हा एक वजा अर्धकोनाची कोज्या याच्या प्रमाणात असतो. पहिल्यासाठी हे उत्तर ०.००३८, दुसऱ्यासाठी ०.३५७. म्हणजे प्रकाश सारखाच, पण पहिल्या झोताची तीव्रता दुसऱ्याच्या नव्वदपटीहून अधिक! अरुंद झोत दूरवर पोचतो, शिवाय तो बोलतो. पाण्याखाली तोंडाने बोलता येत नाही, तेव्हा झोताचे वर्तुळ सावकाश फिरवले की ‘सर्व ठीक’, आणि झोत झपाट्याने आडवा हलवला की ‘मदत हवी’. रुंद झोताचा दिवा हलवून असा निरोप देऊ पाहिले तर जोडीदाराला नुसता उजेड कमी-जास्त झालेला दिसेल. जवळच्या प्रवाळांची छायाचित्रे काढणाऱ्याला मात्र रुंद आणि एकसारखाच झोत हवा. दोघांची गरज वेगळी, तेव्हा ‘सर्वोत्तम दिवा’ ही जाहिरातवाल्यांची कल्पना तुम्ही मनातून काढून टाका.

इथे अपवर्तनाचीही एक गंमत आहे. दिव्याच्या आत हवा असते, बाहेर पाणी आणि मध्ये सपाट काच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे किरण बाहेर पडताना लंबाकडे झुकतात आणि झोत आक्रसतो. हवेत १०० अंशांचा असलेला झोत पाण्यात सुमारे ७० अंशांचा होतो. खोक्यावर छापलेला कोन हवेतला की पाण्यातला, हे म्हणूनच विचारायला हवे.

आता पोटातल्या घटांकडे वळू. पूर्वी गुहांमध्ये उतरणारे पाणबुडे शिसे-आम्ल घटांचे जड डबे कमरेला बांधत आणि तिथून जाड वायर हातातल्या दिव्याला जोडत. पुढे निकेलचे घट आले. आता लिथियम-आयन घटांनी बहुतेक जागा घेतली आहे आणि तारेच्या दिव्यांऐवजी एलईडी आले आहेत. विजेऱ्यांत सर्रास वापरला जाणारा लिथियम घट ‘१८६५०’ या नावाने ओळखला जातो : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य तो नळकांड्याच्या आकाराचा आहे हे सांगते. याचे वजन सुमारे ४६ ग्रॅम, आणि चांगल्या घटात ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत भार मावतो. त्याला सरासरी ३.६ व्होल्टने गुणले की सुमारे साडेबारा वॅट-तास. म्हणजे दहा वॅटचा दिवा तासभर चालायला हरकत नाही. बाजारात याच आकाराच्या घटांवर ‘९९००’ छापलेले आढळते. ते खरे मानले तर एका किलोग्रॅममागे ७७० वॅट-तासांहून अधिक ऊर्जा होते, आणि या जातीचे चांगले घट २७०च्या आसपास थांबतात. त्रैराशिक येणारा विद्यार्थी अशा दुकानदाराला फसणार नाही.

मग साधे अल्कलाइन पेन्सिल सेल टाकाऊ झाले का? मला तसे वाटत नाही. त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो हे खरे. तो ०.२ ओहम धरला आणि २ अँपिअर प्रवाह ओढला, तर दीडपैकी ०.४ व्होल्ट आतच खर्ची पडतात आणि सेल तापतो. प्रखर मुख्य दिव्याला ते परवडत नाही. पण थोड्या प्रवाहाच्या, साध्या जोडणीच्या दिव्यात त्यांचा एक गुण दिसतो. ते संपताना व्होल्टेज सावकाश उतरते आणि दिवा हळूहळू मंदावतो, म्हणजे आधी कल्पना देऊन विझतो. लिथियमचे बरेच दिवे आतल्या मंडलामुळे शेवटपर्यंत एकसारखे जळतात आणि मग घट वाचवण्यासाठी मंडल प्रवाह तोडते. अंधार एकाएकी होतो. पाण्याने भरलेल्या गुहेत, जिथे सरळ वर येऊन श्वास घेता येत नाही, तिथे हा फरक जिवाशी संबंधित आहे. म्हणून गुहेत जाणारे प्रत्येकी निदान तीन दिवे नेतात, आणि मुख्य दिवा गेला की तिथूनच परत फिरतात. माझी निवड अशी : मुख्य दिवा लिथियमचा, राखीव दिव्यांपैकी निदान एक साध्या सेलांचा.

आणि राखीव दोरीही हवीच. २०१८ साली थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. (पाणी उपसण्याच्या कामी आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांचीही मदत झाली होती.) तिथल्या चिखलपाण्यात पाणबुड्यांना बऱ्याच ठिकाणी काहीच दिसत नव्हते, हाताला लागणारी दोरी हीच वाट होती. तिथे कोणते ल्यूमेन कामी येणार?

घटांचा धोका पाण्याखालीच असतो असेही नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या बोटीला रात्री आग लागली आणि ३४ माणसे दगावली. ज्या दालनात आग सुरू झाली तिथे बरीच विद्युत उपकरणे चार्जिंगला लावलेली होती. आगीचे नेमके मूळ चौकशीत ठरवता आले नाही. रात्रीची गस्त नव्हती, हा मोठा दोष मात्र स्पष्ट झाला. तेव्हा लिथियमचे घट चार्ज होत असताना कोणीतरी जागे असावे, असा माझा आग्रह आहे.

साध्या सेलांचाही एक छुपा दोष आहे. जुने आणि नवे सेल एकत्र घातले, तर दमलेल्या सेलातून बाकीचे जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात आणि त्यात हायड्रोजन वायू तयार होऊ शकतो. घरच्या विजेरीतून तो निसटून जातो. पाणबुड्याचा दिवा रबरी कड्यांनी घट्ट बंद केलेला असतो. त्यात वायू साचला आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. काही उत्पादक म्हणूनच आत उत्प्रेरकाची गोळी ठेवतात. तिच्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे पुन्हा पाणी बनते.

शिक्षकांना एक विनंती. काचेची लांबट टाकी पाण्याने भरा, पलीकडच्या टोकाला एक नाणे टेकवून उभे करा आणि पाण्यात थेंब-थेंब दूध घाला. खोलीत अंधार करून विजेरी आधी डोळ्याजवळ आणि मग टाकीच्या बाजूने धरायला सांगा. कितव्या थेंबाला नाणे दिसेनासे झाले, याची दोन्ही वेळा नोंद ठेवा. नंतर काळ्या कागदाला बारीक भोक पाडून तो विजेरीवर लावा आणि प्रयोग पुन्हा करा. प्रकाश कमी झालेला असूनही नाणे अधिक थेंबांपर्यंत दिसते का, ते मुलांनाच पाहू द्या.