केसपेपरवर ‘गृहिणी’, मग गोठ्यात कोण?

मैत्रिणींनो, दवाखान्यात केसपेपर काढताना आपल्या नावापुढे ‘गृहिणी’ असं लिहून मोकळे होतात. शेण-गोठा, धारा काढणं, शेळीच्या कानामागची गोचीड उपटून दगडाने ठेचणं, हे त्या एका शब्दात कुठेच येत नाही. पण ताप चढलेला पेशंट तातडीच्या विभागात नेला, की नेमकी हीच माहिती मोलाची ठरते.

जानेवारी २०११ मधली गोष्ट. गुजरातमध्ये साणंद तालुक्यातील एक स्त्री तापाने आणि रक्तस्रावाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेले. पुण्याच्या एन.आय.व्ही. प्रयोगशाळेने निदान केलं, कांगो ताप! भारतात तो पहिल्यांदाच सापडला होता. गोचीड चावल्याने, ती हाताने चिरडल्याने, बाधित जनावराच्या किंवा रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू पसरतो. गाय-शेळी मात्र वरून ठणठणीत दिसते. सुरुवातीला ताप, अंगदुखी, उलट्या, जुलाब, पोटदुखी. मग डेंग्यू किंवा गॅस्ट्रोच वाटणार ना? अंगावर लाल-जांभळे डाग आणि हिरड्यांतून रक्त येतं ते नंतर.

दुसरा आजार माकडतापाचा. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो प्रथम आढळला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्गात तो पोचला. सोलापूर काही या तापाचा मुलूख नाही. पण काजूच्या हंगामात, नातेवाइकांकडे, देवदर्शनाला तिकडच्या जंगलभागात कोणी गेलं असेल तर? या तापाची एक खोड आहे. काही रुग्णांचा ताप उतरतो, माणूस बरा झाला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप पुन्हा उलटतो. डोकं ठणकतं, मान आखडते, हात थरथरतात, माणूस बरळू लागतो. घरच्यांना वाटतं, ‘बाहेरचं काही’ झालं! अशा वेळी देवऋषी गाठू नका, सिव्हिल गाठा आणि मागच्या तापाची हकिगत आवर्जून सांगा.

दोष डॉक्टरांना देऊन भागत नाही. डेंग्यूचे पेशंट त्यांना रोज दिसतात, हे क्वचित. म्हणून न विचारताही आपणच सांगायचं: घरी जनावरं आहेत, गोचीड काढली होती, सांगोल्याच्या बाजारातून शेळी आणली, मटण कापलं, कोकणात जाऊन आलो. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि पेशंट खालावतोय, तर हे पुन्हा सांगा. मनाने अॅस्पिरिनसारखी गोळी देऊ नका, रक्तस्राव वाढतो. रुग्णाचं रक्त, उलटी उघड्या हाताने पुसू नका. गोचीड काढताना हातमोजा घाला, नसेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. ती चिरडू नका.

आणि पुढच्या वेळी कारकुनाने ‘व्यवसाय?’ विचारलं, तर ठणकावून सांगा: गृहिणी, आणि गोठाही मीच बघते.