चिंचेच्या झाडाखाली एक रात्र

"आपा, हे आपल्यात चालत नाही."

२०१४ चा मे महिना. सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या एसटीत माझा मामेभाऊ मला हे म्हणाला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. शाळेत असताना चार वर्षं तबला शिकला होता. मग मोबाइलवर कुणाचं तरी बयान ऐकलं आणि तबल्याची जोडी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. घरात कुणीच काही विचारलं नाही. मी एवढंच म्हटलं, "ठेव माळ्यावर. पण एक दिवस माझ्याबरोबर उरसाला चल."

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस हिजरी पंचांगाप्रमाणे येतो, म्हणजे दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी थंडीत, कधी पावसाळ्यात. त्या साली तो भर उन्हाळ्यात आला होता. दुपारी रस्त्यावर उभं राहवत नव्हतं, म्हणून आम्ही सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानाच्या सावलीला शिरलो.

आत एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडी कानशीनं किंचित घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला आणि तोवर बसका वाटणारा आवाज एकदम खुलला. भाऊ बघतच राहिला. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं, तेव्हा हेच हात भोपळ्याकडे आणि तारेकडे वळले. भावानं न राहवून विचारलं, "चाचा, तुम्ही नमाज पढता?" ते हसले. "जुम्म्याला ये, माझ्याच शेजारी उभा राहा."

रात्री दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली गाणं सुरू झालं. याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा हा माणूस मिरजेत राहिला आणि १९३७ साली वारल्यावर इथंच दफन झाला. त्यांनी मराठी नाट्यपदं गायली. पुण्यात संगीत विद्यालय काढलं. कुंदगोळच्या रामभाऊंना शिकवलं. तेच पुढे सवाई गंधर्व झाले आणि त्यांच्याकडे भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल शिकले. आज महाराष्ट्र ज्या गायकीवर जीव टाकतो, तिचा एक धागा असा या कबरीपाशी येऊन पोचतो. खाँसाहेबांच्या स्मरणार्थच उरसात ही संगीत सभा होते.

आमच्या एका बाजूला पटकेवाले शेतकरी, दुसऱ्या बाजूला बांगड्यांचं दुकान आवरून आलेलं जोडपं. या उरसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे भावाला तिथंच शेजारच्या काकांकडून कळलं. सांगलीत वाढलेल्या मुलाला ते ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर, काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही नव्हतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

आज आपल्या कानावर दोन आवाज सतत येतात. एक सांगतो, संगीत मुसलमानाचं नाही. दुसरा सांगतो, मुसलमान या संस्कृतीचा नाही. दोघं एकमेकांचे विरोधक म्हणवतात, पण दोघांचं ऐकलं तर आपण त्याच एका अंगणातून बाहेर पडतो. तेही स्वतःच्या पायांनी.

धर्माच्या बाजूनं बोलायचं तर संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इमाम गझाली यांनी आपल्या 'इह्या'मध्ये या विषयाला एक आख्खं प्रकरण दिलं. ऐकणं कधी योग्य, कधी अयोग्य, याचा त्यांनी शांतपणे विचार केला. नऊशे वर्षांपूर्वी जी गोष्ट इतकी तोलून मापून मांडली गेली, तिचा निकाल आपण तीन मिनिटांच्या व्हिडिओवर लावतो. प्रत्येकाला गाणं आवडलंच पाहिजे, असं मी म्हणत नाही. वाचून, ऐकून, विचार करून एखादा म्हणाला की मला हे पटत नाही, तर त्याचा मान ठेवू. पण भीतीपोटी सोडून देणं म्हणजे विचार करणं नव्हे.

आणि नुसतं 'गंगाजमनी' म्हणून टाळ्या वाजवणंही पुरेसं नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण अभिमानानं स्टेटस ठेवले. पण तो तंबोरा वाजणारी आपली घरं किती? खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर आई ताराबाईंबरोबर वाढली आणि ज्या काळात बाईनं मैफलीत गाणं बदनामीचं होतं, त्या काळात तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करून तिनं गाणाऱ्या बाईला प्रतिष्ठा मिळवून दिली. आज आपल्या किती घरांतून मुलीला गाणं शिकायला पाठवतील? मला स्वतःला त्या रात्री 'भावाला सोबत न्यायचं आहे' असं कारण सांगून घरातून निघावं लागलं होतं. सोबत कुणाला कुणाची होती, ते आम्हा दोघांनाच माहीत!

पहाटे फजरच्या सुमाराला आम्ही उठलो. भाऊ नमाज पढून आला आणि स्टँडपर्यंत गप्प चालला. पुढं काय झालं, असं मला नेहमी विचारतात. चमत्कार काही झाला नाही. तबला अजून माळ्यावरच आहे. तो आता पुण्यात नोकरी करतो, पाच वक्तांची नमाज पढतो, संगीताबद्दल आमचा वाद आजही होतो. पण 'हे आपल्यात चालत नाही' हे वाक्य मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलेलं नाही. आता तो म्हणतो, "मला पटत नाही." या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्यात दुसऱ्यानं लावलेलं कुलूप होतं, दुसऱ्यात त्याचं स्वतःचं मत आहे.

हल्ली उरूस थंडीत येतो. जायला सोपं आहे. मिरज जंक्शनला उतरा, कुणालाही दर्गा विचारा. लहान भावाला न्या. बहिणीला तर नक्की न्या, आणि तिला घरी कारण सांगायला लावू नका.