‘ना हरकत’ लिहून देण्याआधी

दुसरबीडच्या शिवारातून समृद्धी महामार्ग दिसतो. त्याच्या कडेने जमिनीखालून गेलेली गॅसवाहिनी मात्र दिसत नाही. गेल कंपनीची मुंबई-नागपूर वाहिनी सुमारे ६९४ किलोमीटर लांबीची आहे आणि तिचा बहुतेक भाग या महामार्गालगतच्या जेमतेम तीन मीटरच्या पट्ट्यातून गेला आहे. रस्त्यासाठी जमीन आधीच घेतलेली होती. म्हणून पाइपासाठी प्रत्येक गावात पुन्हा शेतकऱ्याच्या दारी जावे लागले नाही. कंपनीचा वेळ वाचला, शेतकऱ्याची आणखी जमीनही अडकली नाही. हे चांगलेच झाले.

पण पुढच्या प्रत्येक पाइपाला असा तयार पट्टा मिळणार नाही. मुख्य वाहिनीतून गावा-शहरांकडे जाणारे गॅसचे फाटे, जलजीवन मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या, धरणातून शेतापर्यंत येणारे बंद पाइप हे सगळे आपल्या रस्त्यांखालून, गायरानातून, बांधांवरून जाणार आहेत. तेव्हा गावाकडे एक कागद मागितला जाईल: ना हरकत दाखला. हा कागद आपल्याकडे फार स्वस्तात दिला जातो. कधी फार महागातही दिला जातो. मला दोन्ही चुकीचे वाटतात.

आधी जमीन कोणाची ते पाहू. एकच पाइप दोन किलोमीटर गेला तरी त्याला चार-पाच मालक भेटतात. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा, गावजोड रस्ता जिल्हा परिषदेचा, गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या ताब्यात, गायरान सरकारी, नाला-कालवा जलसंपदा विभागाचा, मध्ये वन विभागाची जमीन आली तर ती परवानगी आणखी वेगळी. शेवटी खासगी शेत. प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि अटी वेगळ्या. म्हणून ठेकेदाराला घाई असते, आणि त्या घाईत सगळ्यात सोपा दरवाजा ग्रामपंचायतीचा वाटतो. सरपंच ओळखीचे, ग्रामसेवक ओळखीचे, चहा होईपर्यंत कागद तयार.

शेतातून जाणाऱ्या तेल-वायूच्या वाहिनीचा मार्ग वेगळा आहे. तिथे १९६२चा पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांचा कायदा लागतो. या कायद्यात सरकार जमीन विकत घेत नाही, फक्त जमिनीखालून पाइप नेण्याचा वापरहक्क घेते. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पीकही घेता येते. पण त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. पाइप किमान एक मीटर खोल हवा. राहत्या घराची जागा, घराला लागून असलेली जागा आणि आधीपासून पक्के बांधकाम असलेली जागा वगळावी लागते.

मोबदल्याचे गणितही समजून घ्या. पीक, झाडे, इतर नुकसान यांची भरपाई वेगळी. वापरहक्काबद्दल अधिसूचनेच्या दिवशी जमिनीचा जो बाजारभाव असेल त्याच्या १० टक्के. समजा एकरी भाव १० लाख धरला आणि अर्धा एकर पट्ट्यात गेला, तर ५० हजार. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे शेतकऱ्याची सगळी आशा एका विहिरीवर असते, तिथे ‘इथे विहीर नको’ या कायमच्या बंधनाची ही किंमत आहे. मला ती कमी वाटते. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. पण पाइप आपल्या जमिनीतून जाऊच नये, किंवा बांधाच्या कडेने जावा, असे म्हणायचे असेल तर मुदत आहे अधिसूचनेपासून २१ दिवस. एकवीस दिवसांत पुण्याला किंवा मुंबईला कामाला असलेल्या मुलाला गावाकडून फोनसुद्धा येत नाही.

इथे ग्रामपंचायतीच्या संमतीची अट या कायद्यात नाही. तिथे तुमची लेखी हरकत चालते, गावातली कुजबुज नाही. याउलट गावठाणाच्या रस्त्यासाठी आणि पंचायतीच्या जागेसाठी पंचायतीचा ठराव चालतो. कुठे व्यक्तीने बोलायचे आणि कुठे गावाने, हा फरक कळला नाही तर आपण चुकीच्या दारात ओरडत बसतो.

आता ग्रामसभेचे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण घरी बसलो तर निर्णय थांबत नाही, तो आपल्याशिवाय होतो. ‘आपलं कोण ऐकतंय’ असे म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना मी हेच सांगतो. ऐकण्याची वेळ झाली तेव्हा तुम्ही तिथे होतात का? महिलांची सभा त्याआधी वेगळी घ्यावी लागते. पाण्याचा पाइप कोणत्या गल्लीतून जावा हे आपल्या आई-बहिणींइतके कोणाला ठाऊक असणार?

काही जण म्हणतील, एवढी चौकशी केली तर कामे अडतील. हा आक्षेप खोटा नाही. जलजीवन मिशन २०१९मध्ये सुरू झाले, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्यासाठी. एका बांधाच्या भांडणात पाइप अडला की भर उन्हाळ्यात टँकरच्या मागे पळणारे आपलेच लोक असतात. दाखला अडवून ठेवणे हासुद्धा अन्याय आहे, आणि ‘काहीतरी द्या, मग सही करतो’ हा तर उघड गुन्हा. मी अडवा म्हणत नाही. मी विचारा म्हणतो. नकाशा दाखवा, खोली किती, खड्डा किती दिवसांत बुजवणार, फोडलेला रस्ता कोण करणार, त्यासाठी अनामत किती ठेवली, रात्री खड्ड्याभोवती दिवा आणि कठडा असेल का, मजूर कसे आणणार. शेवटचा प्रश्न उगाच नाही. ऑगस्ट २०२१मध्ये समृद्धीच्या कामावरचे लोखंड आणि मजूर घेऊन जाणारी गाडी दुसरबीडजवळ तढेगाव शिवारात उलटली आणि १३ मजुरांचा जीव गेला. अटी कागदावर असल्या म्हणजे अपघात टळतोच असे नाही. पण अटी नसतील तर नंतर जाब कशाच्या आधारे विचारणार?

आणि आता थोडे आपल्या घरातले. आपल्याकडे कितीतरी सातबारे अजून दादांच्या नावावर आहेत. दादा जाऊन वीस वर्षे झाली, फेरफार झाला नाही. नोटीस दादांच्या नावाने येते, मोबदला वारस ठरेपर्यंत अडकतो. वारस नोंद करताना बहिणींची नावे गाळली जातात, किंवा ‘तिला लग्नात दिलंच की’ म्हणून हक्कसोडीवर सही घेतली जाते. शरीयतने बहिणीचा हिस्सा ठरवून दिला आहे, हे आपण दर जुम्याला ऐकतो. वीतभर जमीन नाहक दाबणाऱ्याचे काय होईल, तेही ऐकतो. कंपनीकडून १० टक्क्यांचा हिशोब मागणाऱ्याने आधी बहिणीचा हिशोब चुकता करावा. नाहीतर हक्काची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही.

कब्रस्तानाचेही तसेच. अनेक गावांत कब्रस्तान पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, पण सातबाऱ्यावर जमीन सरकारी किंवा गायरान दिसते आणि कब्रस्तान असा शब्द कुठेच नसतो. १९६२च्या कायद्यात पाइपासाठी वगळायच्या जागांच्या यादीत कब्रस्तान किंवा स्मशानभूमी असे नाव घेतलेले नाही. मोजणी करणाऱ्याच्या नकाशावर ती मोकळी जागा असते. पाइप आल्यावर भावना दुखावल्याचा आरडाओरडा करण्यापेक्षा आज जमातीने मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड लावावेत, तहसीलमध्ये आणि पंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत नोंद करून घ्यावी, वक्फ मंडळाकडे नोंदणी असेल तर तिचे कागद एका जागी ठेवावेत. हेच काम गावातल्या स्मशानभूमीसाठी, बौद्ध वस्तीच्या दफनभूमीसाठी शेजाऱ्यांबरोबर करता येते. एका अर्जावर सगळ्यांच्या सह्या असल्या तर तो अर्ज कोणत्याही जातीधर्माचा राहत नाही, गावाचा होतो.

करायचे काय? फार मोठे काही नाही. या महिन्यात घरातल्या प्रत्येक गटाचा सातबारा आणि आठ-अ काढा. ऑनलाइन मिळतो. नाव कोणाचे आहे ते अब्बांसमोर मोठ्याने वाचा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या, सगळ्या वारसांच्या नावांसह. पंचायतीने गेल्या तीन वर्षांत कोणाकोणाला ना हरकत दाखले दिले, त्यांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. पुढच्या ग्रामसभेला चार मित्रांना घेऊन जा, आणि इतिवृत्तात तुमचा प्रश्न लिहिला गेला की नाही, हे उठण्याआधी पाहा.

‘ना हरकत’ या शब्दाचा अर्थ ‘मला काही अडचण नाही’ असा आहे. अडचण आहे की नाही हे पाहिल्यावरच तो लिहिता येतो. न पाहता लिहून दिला तर ती खोटी साक्ष ठरते, आणि ती आपल्या नावाने दिलेली असते.