भाडेकरू हप्ता भरेल? दुसरा फ्लॅट घेण्याआधी हे गणित मांडा

राहते घर झाले, पगार वाढला की अनेक नोकरदार जोडप्यांच्या घरात पुढचा विषय निघतो तो दुसऱ्या फ्लॅटचा. ‘भाडेकरू हप्ता भरेल, २० वर्षांनी फ्लॅट आपला’ हा सल्ला नातेवाइकांपासून एजंटापर्यंत सगळेच देतात. मात्र पुण्या-मुंबईतल्या आजच्या किमतींत हे गणित बहुतेक वेळा जुळत नाही. भाड्याचा फ्लॅट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, तो एक छोटा व्यवसाय आहे. तसे समजूनच त्यात उतरायला हवे.

आकडे काय सांगतात?

समजा, पुण्यात ६० लाखांचा तयार वन बीएचके घेतला. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार (खरेदी महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत). नोंदणी शुल्क ३० हजार. एकूण खर्च ६४ लाख ५० हजार. किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ४८ लाख कर्ज घेतले, तर उरलेले साडेसोळा लाख खिशातून जातात. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे ४१ हजार ६५० रुपये.

आता भाडे. महिन्याला २० हजार धरले आणि वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहिला, तर हाती येतात २ लाख २० हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ३६ हजार, मिळकत कर १२ हजार, रंगकाम, दुरुस्ती व दलाली मिळून २० हजार वजा करा. उरतात १ लाख ५२ हजार, म्हणजे एकूण खर्चाच्या अडीच टक्क्यांहूनही कमी. वर्षाचे हप्ते मात्र ५ लाखांचे. दर महिन्याला सुमारे २९ हजार रुपये पगारातूनच भरावे लागतात.

कर वाचतो ना?

नव्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतेच वजा होते. उरलेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत ही मुभा वर्षाला २ लाखांपर्यंत आहे. त्यातच पुणे महापालिका राहत्या घराला मिळकत करात देते ती ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नाही. केवळ कर वाचवण्यासाठी फ्लॅट घेणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

किंमत तर वाढेल?

वाढेलही. पण हप्ता दर महिन्याला द्यायचा असतो आणि वाढलेली किंमत विकल्यावरच हाती येते. अडचणीच्या वेळी म्युच्युअल फंडाची काही युनिट्स विकता येतात, फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. विकल्यावर दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर असतो, तो वेगळाच.

घ्यायचाच, तर काय पाहावे?

पहिल्यांदाच गुंतवणूक करणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट पाहावा. त्यावर जीएसटी लागत नाही आणि भाडे लगेच सुरू होऊ शकते. बांधकाम सुरू असलेल्या घरावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी द्यावा लागतो (परवडणाऱ्या घरांना १ टक्का) आणि ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य. तरीही तसा फ्लॅट घ्यायचा असेल, तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी तपासावी. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे लक्षात ठेवावे. दर कार्पेट क्षेत्रफळावरच काढावा. जुन्या फ्लॅटसाठी वकिलाकडून टायटल सर्च करून घ्यावा आणि सोसायटीची थकबाकी विचारावी.

भाडेकरूचे काय?

सर्वाधिक हलगर्जी इथेच होते. ‘११ महिन्यांचा करार नोटरी केला की झाले’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोडून काढायचे काम मालकाचे.

नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो. त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. काही हजार वाचवण्यासाठी ६० लाखांची मालमत्ता धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी आणि सोसायटीलाही कळवावे. सोसायटी बिगरभोगवटा शुल्क घेऊ शकते, मात्र सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच.

मग निर्णय कसा घ्यावा?

हप्ता आणि भाडे यांतली तफावत पगारातून अनेक वर्षे पेलता येईल का, हा पहिला प्रश्न. फ्लॅट सलग तीन महिने रिकामा राहिला किंवा घरातल्या एकाची नोकरी गेली तर पुढचे सहा हप्ते कुठून भरणार, हा दुसरा. गळका नळ, करार आणि भाडेकरू हे सगळे कोण पाहणार, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे कागदावर लिहिता आली, तरच टोकन द्यावे. एका उत्तराच्या जागी ‘बघू पुढे’ येत असेल, तर वर्षभर थांबून हप्त्यातली ती तफावत दरमहा बाजूला टाकून पाहावी. हा भार झेपतो की नाही, ते कर्ज न काढताच कळेल.